पुढचा बांध

मे १९९१ मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या वरिष्ठ सहकाऱ्यांसाठी एक लांबलचक टिपण लिहिले. धंद्यापुढची आव्हाने आणि डावपेच, असा त्याचा विषय. त्यातला पेटंटांविषयीचा मजकूर वाचला की माणसाची नजर लांबवर पोचत होती, हे मान्य करावे लागते. आज आपण ज्या कल्पनांवर काम करतो त्या निघाल्या तेव्हाच लोकांनी त्यांची पेटंटे घेऊन ठेवली असती, तर हा उद्योग आज ठप्प झाला असता, असे गेट्स यांनी त्यात म्हटले होते. त्यापुढची भीती आणखी नेमकी होती. उद्या एखादी कंपनी अगदी साध्या वाटणाऱ्या युक्तीचे पेटंट घेऊन बसेल. तिला आपल्या एकाही पेटंटची गरज नसेल, तर सतरा वर्षे आपल्या नफ्यातला हवा तेवढा वाटा ती मागत राहील.

दुखणे तर बरोबर ओळखले होते. त्यावरचे औषध असे : मोठ्या कंपन्यांशी पेटंटांची देवाणघेवाण करायची आणि आपणही मिळतील तेवढी पेटंटे घेत सुटायचे. ज्यांच्या गाठीशी पेटंटे नाहीत अशा नव्या छोट्या कंपन्यांना बडी मंडळी मागतील ती किंमत मोजावी लागणार, हेही टिपणात लिहिलेले होते. ते वाचून कोणी हळहळले असेल, तर त्याचा कंपनीच्या धोरणात मागमूस दिसत नाही. पेटंटांचा धोका ओळखून पेटंटांचाच साठा करायचा, हे ठरले आणि पुढची अनेक वर्षे कंपनी तेच करत राहिली.

इकडे कॅनडात, टोरांटो शहरात, मिशेल वुल्पे नावाचे एक गृहस्थ वेगळ्याच खटपटीत होते. त्यांच्या छोट्या कंपनीचे नाव आय-फोर-आय. त्यांना सतावणारा प्रश्न दस्तऐवजांचा होता.

औषधाच्या डबीतली बारीक अक्षरांची चिठ्ठी घेऊ. त्यात कुठेतरी ‘५०० मि.ग्रॅ.’ असे छापलेले असते. ही गोळीची मात्रा आहे, हे आपल्याला वाचताक्षणी कळते. संगणकाला मात्र ती नुसती अक्षरे आणि आकडे. त्याला कळावे म्हणून मजकुरातच खुणा पेरतात : इथून ‘मात्रा’ सुरू, इथे ‘मात्रा’ संपली; इथून ‘दुष्परिणाम’ सुरू, इथे संपले. खुणांमध्ये खुणा, त्यांच्यात आणखी खुणा. मजकूर दुरुस्त करायला गेले की खूण तुटते, आणि खूण हलवायला गेले की मजकूर विस्कटतो.

वुल्पे आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर तोड काढली. सगळ्या खुणा मजकुरातून उचलायच्या आणि वेगळ्या तक्त्यात ठेवायच्या. मजकूर एका जागी, स्वच्छ आणि सलग. तक्त्यात फक्त पत्ते : ‘मात्रा’ ही खूण अमुक क्रमांकाच्या अक्षरापाशी सुरू होते, तमुक क्रमांकाच्या अक्षरापाशी संपते. आता मजकूर आणि त्याची रचना एकमेकांना धक्का न लावता हाताळता येतात. जून १९९४ मध्ये त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि जुलै १९९८ मध्ये ते मिळाले. क्रमांक ५७,८७,४४९. ही कंपनी नुसते कागद जवळ ठेवून वसुली करणाऱ्यांपैकी नव्हती. तिचे स्वतःचे सॉफ्टवेअर होते, ते मायक्रोसॉफ्टच्याच वर्डला जोडून चालायचे आणि त्याला गिऱ्हाईकही होते.

मग वर्ड २००३ आले. वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेल्या खुणा दस्तऐवजात घालायची सोय आता वर्डमध्येच होती. तिचे नाव कस्टम एक्सएमएल; एक्सएमएल म्हणजे मजकुरात अशा खुणा घालायची पद्धत. जोडसॉफ्टवेअर विकत घ्यायचे कारणच उरले नाही. पुढे कोर्टात मायक्रोसॉफ्टमधला जानेवारी २००३ चा एक ईमेल सादर झाला. आय-फोर-आयचे उत्पादन आपण पाहिले आहे, ते करणाऱ्यांना भेटलोही आहोत, आणि नवे वर्ड आले की ते कालबाह्य होईल, असा त्याचा मथितार्थ होता.

त्याच सुमारास जगभरातल्या सरकारांना एक काळजी लागली होती. कार्यालयांतले कागद आता फाइलींमध्ये साठत होते आणि त्या फाइली एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडत होत्या. पन्नास वर्षांनी जमिनीचा निकाल किंवा जन्माची नोंद पाहायची वेळ आली आणि ती कंपनीच राहिली नसेल तर? मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून ज्याने पडद्यावरच्या चित्रविचित्र खुणांकडे हताशपणे पाहिले आहे, त्याला फाइल जवळ असणे आणि ती वाचता येणे यातला फरक पक्का ठाऊक आहे.

म्हणून खुल्या प्रमाणाची मागणी पुढे आली. फाइल कशी लिहायची याचे नियम जाहीर असावेत आणि कोणीही त्यांबरहुकूम सॉफ्टवेअर करावे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये तसे धोरणच जाहीर केले. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, हे त्यातले एक प्रमाण. २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची मान्यता मिळाली. मायक्रोसॉफ्टने त्याच्यासमोर आपले ऑफिस ओपन एक्सएमएल उभे केले. डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले आणि मग ते आयएसओच्या दारात आले. पाने सहा हजारांहून अधिक. त्याची बाजू मांडताना कस्टम एक्सएमएलची सोय मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. वापरणाऱ्याला स्वतःच्या खुणा घालता येतात, ही त्याची खासियत.

खुल्या प्रमाणाच्या वाटेत पेटंटे आडवी आली तर काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये एक जाहीर वचन देऊन त्याचे उत्तर दिले. ठरावीक प्रमाणांनुसार कोणी सॉफ्टवेअर केले, तर त्यासाठी लागणाऱ्या आपल्या पेटंटांवरून आपण त्याला कोर्टात खेचणार नाही. वचन काही खोटे नव्हते. पण शेतांमधून जाणारी गावाची वाट आठवून पाहा. पहिल्या शेताचा मालक म्हणतो, माझ्या बांधावरून खुशाल जा, मी अडवणार नाही. तो शब्दाचा पक्का असेलही. पण पुढचा बांध त्याचा नाही, आणि त्या बांधाबद्दल शब्द द्यायचा अधिकारही त्याला नाही.

मार्च २००७ मध्ये पुढच्या बांधावरून हाक आली. आय-फोर-आयने अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मायक्रोसॉफ्टवर पेटंटभंगाचा दावा लावला.

दाव्याची नोटीस आलेला माणूस निदान काही दिवस तरी दुसऱ्यांच्या बांधाविषयी जपून बोलतो. इथे उलट झाले. दोनच महिन्यांनी, मे २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘फॉर्च्यून’ मासिकातून जाहीर केले की मुक्त आणि खुले सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचा भंग करते. त्यातली ४५ ओपनऑफिसच्या वाट्याची. ओपनऑफिस हे ओडीएफ वापरणारे सर्वांत ठळक सॉफ्टवेअर. ही २३५ पेटंटे नेमकी कोणती, त्याची यादी काही दिली नाही. यादी दिली असती तर प्रोग्रामरांनी तेवढा भाग बदलून टाकला असता. यादी न देता आकडा तेवढा सांगितला की धास्ती कायम राहते.

आयएसओमधली लढाईही चालूच होती. सप्टेंबर २००७ च्या मतदानात मायक्रोसॉफ्टचे प्रमाण पहिल्या फेरीत नापास झाले. मार्च २००८ अखेर दुसऱ्या फेरीत पास झाले. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिले. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या देशांनी आयएसओकडे अपील केले. ऑगस्ट २००८ मध्ये ते फेटाळले गेले. आयएसओ-आयईसी २९५०० या क्रमांकाखाली ते प्रमाण रुजू झाले. कस्टम एक्सएमएल त्यात होतेच.

आता टेक्सासमधल्या टायलर गावचे कोर्ट. न्यायाधीश लेनर्ड डेव्हिस. मायक्रोसॉफ्टच्या बचावात एक मुद्दा खरोखर वजनदार होता. पेटंटचा अर्ज करण्याच्या एक वर्षाहून आधी आय-फोर-आयने एस-फोर नावाचे सॉफ्टवेअर अमेरिकेत विकले होते. त्यात हीच युक्ती असेल तर कायद्याने पेटंट रद्द ठरते, कारण वर्षभरापूर्वी बाजारात मांडलेल्या वस्तूचे पेटंट मिळत नाही. युक्ती त्यात होती की नव्हती, हे त्याचा सोर्स कोड पाहून चटकन कळले असते. पण तो सोर्स कोड दावा लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीच नष्ट झाला होता. वुल्पे आणि त्यांचे सहकारी सांगत होते की ती युक्ती एस-फोरमध्ये नव्हती. मायक्रोसॉफ्टपाशी साक्षी-पुरावे होते, पण सोर्स कोडइतका निर्णायक पुरावा नव्हता.

बचावाचा दुसरा सूर मात्र ऐकणाऱ्याला चकित करणारा होता. पेटंटच्या जोरावर असे पैसे मागणे बरे नव्हे, असे मायक्रोसॉफ्टचे वकील ज्यूरीला सुचवत राहिले. दोन वर्षांपूर्वी २३५ चा आकडा सांगणाऱ्या कंपनीचे हे वकील! २००९ चे साल, आर्थिक मंदीचे दिवस. त्यांनी आय-फोर-आयची तुलना सरकारी मदतीसाठी हात पसरणाऱ्या बँकांशीही केली. न्यायाधीशांना ते रुचले नाही, आणि निकालपत्रात त्यांनी तसे नोंदवले.

२० मे २००९ रोजी ज्यूरीने निकाल दिला : पेटंट वैध, भंग झाला आहे आणि जाणूनबुजून झाला आहे. भरपाई २० कोटी डॉलर. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी त्यावर ४ कोटींची वाढ केली. व्याज धरून रक्कम २९ कोटी डॉलरच्या घरात गेली.

त्या ऑगस्टमधल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. ४ ऑगस्टला अमेरिकी पेटंट कार्यालयाने मायक्रोसॉफ्टला एक पेटंट दिले : वर्ड प्रोसेसरमधला दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाइलमध्ये साठवण्याची पद्धत. ११ ऑगस्टला न्यायाधीश डेव्हिस यांनी मायक्रोसॉफ्टला मनाई केली : कस्टम एक्सएमएल उघडू शकणारे वर्ड अमेरिकेत विकायचे नाही. एक्सएमएलमधल्या दस्तऐवजावर आपला हक्क आहे, असा सरकारी शिक्का मिळून जेमतेम आठवडा झाला होता, तोच एक्सएमएलमधल्याच दस्तऐवजापायी स्वतःचे दुकान बंद ठेवायची पाळी आली. गेट्स यांच्या टिपणातली देवाणघेवाण इथे कामाची नव्हती. समोरच्या छोट्या कंपनीला मायक्रोसॉफ्टच्या हजारो पेटंटांपैकी एकाचीही गरज नव्हती. १९९१ मध्ये वर्तवलेला प्रसंग जवळजवळ तसाच समोर उभा राहिला होता.

अपिलात निकाल कायम राहिला. मनाई ११ जानेवारी २०१० पासून लागू झाली. मायक्रोसॉफ्टने मग वर्डमधून ती सोयच कापून काढली.

कापली म्हणजे काय झाले, ते त्याच औषधाच्या चिठ्ठीवर पाहू. कोणीतरी मेहनतीने चिठ्ठीतल्या प्रत्येक ठिकाणी खुणा घालून ठेवल्या आहेत : ही मात्रा, हे दुष्परिणाम, हा गर्भवतींसाठीचा इशारा. ती फाइल सुधारित वर्डमध्ये उघडली. एकही अक्षर कमी झालेले नाही, ‘५०० मि.ग्रॅ.’ जागच्या जागी आहे. पण ती मात्रा आहे हे सांगणारी खूण वर्डने वाचलीच नाही, आणि फाइल पुन्हा साठवली की ती खूण फाइलमधूनही गेली. कागदावर छापले तर फरक दिसणार नाही. हजार चिठ्ठ्यांमधून मात्रा गोळा करणारा प्रोग्राम मात्र आता रिकाम्या हाताने परत येईल. खुणा घालणाऱ्याने कोणाचेच काही चोरले नव्हते. त्याने प्रमाणात लिहिलेली सोय वापरली होती. प्रमाणात ती अजूनही होती. पण ते प्रमाण लिहिणाऱ्या कंपनीलाच ती आता अमेरिकेत विकता येत नव्हती.

आय-फोर-आयचा दावा प्रमाणावर नव्हता, वर्डने ती सोय ज्या पद्धतीने केली त्यावर होता, हे इथे न्यायाने सांगितले पाहिजे. ओपनऑफिस आपल्या पेटंटचा भंग करत नाही, असेही त्या कंपनीने सांगून टाकले. ऐकून अनेकांचा जीव भांड्यात पडला. पण जीव भांड्यात पडण्यासाठी टोरांटोतल्या एका कंपनीच्या शब्दाकडे डोळे लावून बसावे लागले, यातच सगळे आले. आधी मायक्रोसॉफ्टचा शब्द, आता टोरांटोचा.

गोष्ट इथे संपवली असती, तर शेरास सव्वाशेर भेटला, एवढे तात्पर्य पुरले असते. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे चित्र पालटले. कायदा असा की पेटंट कार्यालयाने दिलेले पेटंट वैधच मानायचे. ते रद्द करायचे तर स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा हवा. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे, पेटंट कार्यालयाने जो पुरावा पाहिलाच नाही त्याला ही कडक कसोटी कशाला? पारडे जरा झुकले तरी पुरे म्हणा. वाईट पेटंटे मोडणे त्याने सोपे झाले असते. हे म्हणणे उचलून धरायला कोण पुढे आले, तर ॲपल आणि गूगलसारख्या कंपन्यांबरोबर अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनसुद्धा. ज्यांनी खुल्या सॉफ्टवेअरसाठी हयात वेचली, पेटंटांविरुद्ध आवाज उठवला, ती माणसे मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लेखी म्हणणे मांडत होती. चार वर्षांपूर्वीचा २३५ चा आकडा ती विसरली असतील, असे मानायचे कारण नाही. झाली तशी अद्दल घडू दे, असे म्हणून ती घरी बसू शकली असती. पण नियम सैल झाला तर वाट सगळ्यांसाठीच मोकळी होणार होती, आणि त्यांना वाटेशी मतलब होता.

जून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आठ न्यायमूर्ती एका बाजूला, विरोधात कोणीही नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स या प्रकरणात बसले नव्हते. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले होते, कसोटी कायद्यातच आहे. बदलायची तर ती संसदेने बदलावी. मायक्रोसॉफ्ट हरली. तिच्याबरोबर उभे राहिलेलेही हरले.

संसदेने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडे आहे. भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसता संगणक प्रोग्राम हा पेटंटयोग्य शोध नव्हे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने या कलमाला फट पाडली होती : उद्योगातल्या तांत्रिक वापरासाठी असेल किंवा हार्डवेअरच्या जोडीने असेल तर प्रोग्रामलाही पेटंट. २००५ मध्ये कायदा संसदेपुढे आला तेव्हा ती दुरुस्ती गळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपच्या संसदेने सॉफ्टवेअर पेटंटांचा मसुदा १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला. नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले. त्यातली अट स्पष्ट आहे : प्रमाण वापरायला जी पेटंटे लागतात ती प्रमाण असेपर्यंत विनामोबदला मिळाली पाहिजेत. नुसते कोणाचे वचन आहे का, एवढे विचारून ते धोरण थांबत नाही. अर्थात वाटेतला प्रत्येक बांध कोणाचा, हे आधीच कळणे धोरणालाही अवघड. म्हणून कलम ३(के) चे मोल अधिक.

मायक्रोसॉफ्टलाही उशिरा का होईना, शहाणपण आले असे म्हणायला जागा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या संस्थेची सभासद झाली. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या परिसरातल्या सॉफ्टवेअरवर सभासदांनी एकमेकांविरुद्ध पेटंट उगारायचे नाही, असा तिथला करार. साठ हजारांहून अधिक पेटंटे तिने त्या कराराखाली आणली. गेट्स यांच्या टिपणाला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. त्या टिपणातले निदान खरे मानून १९९१ मध्येच तिने नियम बदलण्यासाठी आपले वजन खर्च केले असते, तर २००९ मध्ये टायलरच्या कोर्टात जायची वेळ कदाचित आलीच नसती. नियम वाईट आहे हे तिला ठाऊक होते. फक्त तो आपल्या बाजूने वापरता येईल, असे तिला वाटले होते.

तात्पर्य : जो नियम आपल्यावर आला तर अन्याय वाटेल, तो दुसऱ्यावर उगारायला जपून ठेवू नये, तो मोडायला पुढे व्हावे. आणि सर्वांची वाट खुली ठेवायची असेल तर एखाद्या मालकाच्या भल्या शब्दावर विसंबू नये, कारण प्रत्येकाला फक्त आपल्याच बांधाचा शब्द देता येतो.